माझ्या केसमधले पंच, दत्तारामकाका

ज्या पंचनाम्यावर मी जेलमध्ये जाणार होतो, त्यावर एक सही आंधळ्या माणसाची होती.

ते दत्तारामकाका आज सकाळी जोगेश्वरीत, आपल्या घरी वारले. वय झालं होतं. त्याबद्दल तक्रार नाही.

बाकी सगळ्याबद्दल आहे.

ज्यांच्यावर कधी वेळ आली नाही त्यांच्यासाठी सांगतो. पोलिसांनी झडती घेतली की दोन बाहेरच्या माणसांनी ती डोळ्यांनी बघायची आणि कागदावर सही करायची. ते पंच.

कायदा चांगलाच आहे. फक्त ऐंशीच्या दशकात आमच्या पोलीस ठाण्यात कागद आधी लिहून व्हायचा आणि पंच नंतर शोधायचे. एक जण ठरलेला, समोरचा पानवाला. त्याने आयुष्यात जितके गुन्हे 'बघितले', तितकी पानंही लावली नसतील.

मी तेव्हा अंधेरीला स्विचच्या कारखान्यात होतो. महिनाअखेर आली होती आणि ठाण्याच्या साहेबांना केसेस कमी पडत होत्या.

शिफ्ट सुटल्यावर नाक्यावर वडापाव खात उभा होतो. पोलिसांनी उचललं.

ठाण्यात गेल्यावर मला कळलं की माझ्या खिशात रामपुरी चाकू सापडलाय.

पानवाला आलाच होता. आणखी एक पंच हवा होता. काका बाकावर बसले होते.

काका वेताच्या खुर्च्या विणायचे. ठाण्याच्या, आसपासच्या सरकारी ऑफिसांच्या. लहानपणी तापात नजर गेली. तरी धंदा शिकले, लग्न केलं, दोन पोरी वाढवल्या. अंगात कडक इस्त्रीचा शर्ट, इस्त्री स्वतःच केलेली. गॉगल नाही. जो बोलेल त्याच्याकडे तोंड करून बोलायचे. त्या दिवशी खुर्च्या पोचवून पावतीवर सही करायला थांबले होते.

साहेब नवीन होता, नुकताच बदली होऊन आलेला.

"सही येते?"

"येता."

"कर इथे."

त्याने कागदावर बोट आपटलं. आवाज आला तिथे काकांनी सही केली, जरा तिरकी. त्यांना वाटलं, खुर्च्यांची पावती. साहेबाने मान वरसुद्धा केली नाही.

मग तारखा सुरू झाल्या. तारीख पे तारीख. माझी नोकरी गेली, ठरलेलं लग्न मोडलं. आईने शेजाऱ्यांकडे जाणं सोडलं.

काही वर्षांनी काकांच्या घरी समन्स आलं. काकीने वाचून दाखवलं. तेव्हा काकांना समजलं की आपण एक चाकू बघितलाय.

पाठोपाठ ठाण्यातला हवालदार घरी आला. काकांना चांगला ओळखणारा.

"दत्ताराम, तेव्हा थोडं दिसायचं म्हण ना. नजर नंतर गेली म्हण. कोण बघतोय?"

"आणि नाय म्हटलंय तर?"

"तर खुर्च्या दुसऱ्याला देतील. मी काय करणार यार, वरून सांगितलंय."

एवढं बोलून तो काकीने केलेला चहा पिऊन गेला. मला आजही त्या चहाची चीड येते.

कोर्टात सरकारी वकिलाने चाकू वर धरला आणि विचारलं, "हा तुमच्या समक्ष आरोपीच्या खिशातून काढला?"

काका म्हणाले, "साहेब, माका दिसणा नाय. आठ वर्सांचो होतंय तेव्हापासून."

कोर्ट हसलं.

वकील हसले, कारकून हसला, मॅजिस्ट्रेटनी रुमाल तोंडाला लावला. साहेबही हसला. माझी चांगली वर्षं यांनी खाल्ली होती, मी तिथेच पिंजऱ्यात उभा होतो, आणि यांना जोक झाला होता.

मी सुटलो.

साहेबाला तोंडी ताकीद मिळाली म्हणे. पुढे प्रमोशन मिळालं, त्याचे पेढे मात्र अख्ख्या एरियाने खाल्ले.

काकांच्या खुर्च्या बंद झाल्या. आधी ठाण्याच्या, मग बाकीच्या ऑफिसांच्या. कारण कोणीच सांगितलं नाही. असली कामं कारण न सांगताच करतात ही माणसं.

काका रडत बसले नाहीत. घरोघर फिरून आरामखुर्च्या विणल्या. दांड्याच्या कोळीवाड्यात जाऊन स्वतः मासळी निवडायचे, कोळणीशी हुज्जत घालायचे आणि जिंकायचे. पत्त्यांना टाचणीने टोचून खुणा केल्या होत्या. वाटायचे तेच, त्यामुळे कोणाच्या हातात काय पान गेलंय ते त्यांना बोटांना कळायचं. आम्ही हरायचो. शुद्ध चीटिंग होती ती, आणि त्यांना लाज नव्हती.

सुटल्यावर मी पहिल्यांदा त्यांच्या घरी गेलो, तेव्हा पाया पडून म्हणालो, "काका, शपथेवर सांगतो, माझ्याकडे चाकू नव्हता."

"माका काय म्हायत? असात पण."

मला वाईट वाटलं. ते त्यांना आवाजातच कळलं असावं.

"अरे, तुझ्या खिशात काय होता ता तुका म्हायत. मी बघूक नाय. तितक्याच सांगलंय."

मला ओळखत नव्हते. मी निर्दोष आहे हेही माहीत नव्हतं. तरी पोटावर पाय आला तो येऊ दिला, पण न बघितलेलं बघितलं म्हणाले नाहीत.

आज दुपारी स्मशानातून आलो आणि आमच्या एरियाचा ग्रुप उघडला. त्या साहेबाचा मेसेज होता. आता रिटायर्ड आहे, रोज सकाळी सुविचार टाकतो.

"आमचा आंधळा पंच गेला. कोर्टात काय हसलो होतो यार. ओम शांती."

खाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग. मधे दोन-तीन 'बिचारे'.



मी लिहिलं, "साहेब, त्या केसमधला आरोपी बोलतोय. तो चाकू कोणाचा होता?"

निळ्या टिका आल्या. साहेबाने वाचलंय.

काका, श्रद्धांजली वाहतोय. आत्ता मनात भाव फक्त किळसेचा आहे, पण तो तुमच्यासाठी नाही.

येतो.