नकाशातून सुटलेला पाट

“पुन्हा कापला!” परुळेकरसाहेबांनी टोपी टेबलावर आपटली. तिच्यातून उडालेली तांबडी धूळ माझ्या ओल्या शाईवर अलगद बसली.

साहेब आमचे ओव्हरसियर. तालुक्यातील कच्चे रस्ते त्यांच्या ताब्यात. मी ऑफिसातली ट्रेसर. जुन्या नकाशावर खळीचा वास येणारे पातळ कापड पसरायचे आणि खालची प्रत्येक रेघ शाईने वर उतरवायची, हे माझे काम. ही साठ सालाच्या आसपासची गोष्ट. सिंधुदुर्ग जिल्हा अजून व्हायचा होता. मालवणचे आमचे छोटे ऑफिस मंजुरीसाठी रत्नागिरीकडे डोळे लावून असे.

कापला होता बेलवाडीचा रस्ता. सलग तिसऱ्या वर्षी, थंडी सुरू होताच, कोणीतरी त्यावर आडवा चर खणला होता. आमचे कामगार मुरूम टाकून तो बुजवीत. आठ दिवसांत तो पुन्हा उघडे. यंदा मात्र पंधरा दिवसांनी एस.टी.चे अधिकारी रस्ता तपासायला येणार होते. चर दिसला की गाडी नामंजूर. आजाऱ्याला डोलीत घालून चार मैल आणणाऱ्या गावाची ती पहिलीच गाडी होती.

“मोरी बांधता येणार नाही का?” मी विचारले. मोरी म्हणजे रस्त्याखालून पाणी नेणारी दगडी वाट.

“मोरी हे नवीन काम, बाई. नव्या कामाला यंदाच्या ग्रँटमध्ये दमडी नाही. माझ्या सहीत बसते ती फक्त दुरुस्ती. मी आता पोलिसांत तक्रार देतो. नकाशा जोडावा लागेल. उद्या तुम्हीही चला.”

बेलवाडीत गुन्हेगार शोधावा लागला नाही. चराच्या काठावर फावडे टेकवून सखाराम परब उभे होते. गावचे जाणते शेतकरी. पांढऱ्या मिशा, गुडघ्यापर्यंत चिखल. त्यांच्या पायांशी पाणी खळखळत रस्ता ओलांडत होते आणि पलीकडच्या वाफ्यांत भाताची कोवळी रोपे पोपटी उजेडासारखी हलत होती. हे वायंगण, म्हणजे पावसाळा सरल्यावर ओढ्याच्या पाण्यावर घेतलेले भात.

“तुम्हीच कापलात?” साहेब कडाडले.

“मीच. गाडी आमका व्हयीच आसा, साहेब. पण ह्या पाटाच्या पान्यार धा घरांचा वायंगण आसा.” मग ते माझ्याकडे वळले. “बाय, तूच सांग गो, पानी काय तिकीट काढून पलीकडे जातला?”

मला हसू आवरेना. साहेबांनी माझ्याकडे पाहिले, तेव्हा आवरले.

“आदी हय दगडाची फरशी होती,” सखारामबाबा म्हणाले. “पानी वरसून जाय. बैल पाय धुवन पुढे जायत. तुमी मुरूम घालून रस्तो उंच केलास आणि फरशी पुरलास!”

“कागदावर कुठे आहे तुमची फरशी?” साहेबांनी विचारले. “तोंडी फरशीवर ग्रँट मिळत नाही.”

पाटाचे ते वळण मी कुठेतरी पाहिले होते.

ऑफिसात परतताच मी मूळ नकाशा उलगडला. बेलवाडीच्या वळणावर फिकट निळी, तुटक रेघ होती. ती रस्त्याला मिळते तिथे दोन आखूड समांतर रेघा. फरशीची खूण. तीन वर्षांपूर्वी हाच नकाशा मी ट्रेस केला होता आणि माझ्या ट्रेसिंगवरून रस्ता उंच झाला होता. त्या कामाच्या वेळी साहेब इथे नव्हते. त्या रेघा मला त्या डौलदार वळणावरचे ओरखडे वाटल्या होत्या. नकाशा देखणा व्हावा म्हणून मी त्या गाळल्या होत्या.

माझी नोकरी हंगामी होती. तरी नकाशा घेऊन साहेबांसमोर गेले.

“चूक माझी आहे, साहेब.”

ते नकाशावर वाकले. “लेखी द्याल?”

“देते.”

“नोकरी जाऊ शकते.”

“ठाऊक आहे.”

अकस्मात ते हसले. “मग ही फरशी जुनी ठरली! आपण पुरलेली फरशी उकरून पाण्याला वाट करून देणे, ही शुद्ध दुरुस्ती!”

दुसऱ्याच दिवशी मुरूम उकरला. हातभर खाली काळ्या दगडाच्या रुंद लाद्या निघाल्या, बैलांच्या खुरांनी गुळगुळीत झालेल्या. पाण्याच्या वाटेच्या दोन्ही बाजूंच्या भिंतींसाठी गावाने आपल्या खाणीतले जांभ्याचे चिरे दिले आणि किनाऱ्यावरून शिंपल्यांचा चुना आणला. पाण्यात पडताच तो फसफसून हसला. जुन्या लाद्या वर झाकण म्हणून बसल्या. आमच्याकडून गेला तो गवंडी आणि दहा दिवसांची मजुरी.

एस.टी.चे अधिकारी आले, तेव्हा त्यांची गाडी वरून गेली आणि पाणी खालून.

“बघ गो बाय,” सखारामबाबा म्हणाले, “पानी बिनतिकीट गेला!”

माझ्या कबुलीवर रत्नागिरीहून शेरा आला : ‘यापुढे दक्षता घ्यावी.’ नोकरी टिकली. मात्र निवृत्त होईपर्यंत नकाशावरचा चहाचा डागसुद्धा मी, जागेवर जाऊन खात्री केल्याखेरीज, गाळला नाही.