जोगेश्वरीहून येणारा आवाज

इंटरनेट दुरुस्त करणाऱ्या त्या माणसाला मी एकदाच भेटलो, नाहूरच्या आमच्या घरी. माझे बाबा दशावतारात काम करायचे. ते गेल्यावर त्यांच्या एका प्रयोगाचं रेकॉर्डिंग मला टोरंटवर, म्हणजे लोक आपापल्या मशीनवरून थेट एकमेकांना फाईली देतात तिथे, सापडलं, पण डाउनलोड मुंगीच्या पावलांनी चाललं होतं.

तापलेल्या कपाळावर ठेवावा तसा त्याने राउटरवर हात ठेवला. "लाइन झकास आहे. टोरंट दिसलं की कंपनीच स्पीड मारते."

मग स्क्रीनवर फाईल देणाऱ्या मशीनचा आयपी नंबर वाचून तो थबकला. तिथे एकच नंबर होता. "हा जोगेश्वरीचा. ह्याचं कनेक्शन मीच जोडलंय."

"मग त्याला सांगा ना, मशीन बंद करू नको म्हणून."

तो बोटांभोवती वायर गुंडाळत राहिला. "तो गेला, साहेब. सहा महिने झाले. आई मशीन बंद करू देत नाही. म्हणते, माझ्या पोराकडे अजून लोक येतात."

तो निघून गेल्यावर मी स्क्रीनसमोर बसून राहिलो. आकडा हळूहळू सरकत होता. एक मेलेला माणूस मला बाबांचा आवाज देत होता, आणि त्याने घाई करू नये, असं मला वाटू लागलं होतं.