रुखवतातलं विमान

मी धामणगाव बढ्याला ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बनवतो. माझ्या एका ट्रॉलीत अख्खं गाव बसून जत्रेला गेलं होतं आणि तरी मागे दोन म्हशींपुरती जागा उरली होती. खोटं वाटत असेल तर म्हशींना विचारा. अशा माणसाच्या लेकीने विमानातून माल नेण्याचे डबे आखायची नोकरी धरली, तर त्यात नवल ते काय? पत्रा दोघांचाही, तिचा उडतो एवढंच.

नवल घडलं ते साक्षगंधाच्या, म्हणजे साखरपुड्याच्या दिवशी. पाहुणे वरवट बकालचे. नवरदेवाला वडील नाहीत. घरात शब्द चालतो तो त्याच्या मोठेबाबांचा, म्हणजे थोरल्या चुलत्याचा. पानाला चुना लावता लावता ते म्हणाले, "पोरगी पसंत हाय आमाले. लगन झालं का नोकरी सोडन थे."

आणि ज्याची हाक मोताळ्यापर्यंत जाते तो मी गप्प बसलो.

पाहुणे गेल्यावर लेक म्हणाली, "बाबा, काऊन नाई बोलले तुमी?"

"अवं, साक्षगंध मोडलं असतं."

"मंग आता मी नोकरी मोडू?"

त्या नजरेपुढे वाघ परवडला. मी ठरवलं, तोंडाने नाही बोललो, आता पत्र्याने बोलीन.

रुखवत म्हणजे मुलीकडच्या बायकांनी मांडवात मांडायची कलाकुसर. करंज्यांचा किल्ला, शेवयांची झोपडी. वरपक्षाने नाकं मुरडत ती पाहायची आणि मग सगळीच्या सगळी उचलून घरी न्यायची. मी जाहीर केलं, हे रुखवत मी करणार.

"लगनात वेल्डिंग आनू नोका म्हनते मी," बायको ओरडली. पण तोवर ठिणग्या उडू लागल्या होत्या.

लेकीने मला मोबाइलवर एका जुन्या मालवाहू विमानाचं चित्र दाखवलं होतं. पंख, शेपटी, इंजिनं सगळी वर, आणि पोट म्हणजे खाली अडकवलेला एक मोठा डबा. उतरलं की डबा सोडायचा, दुसरा भरलेला अडकवायचा, उडायचं. पोती वाहत बसायचं काम नाही.

"मंग चाललं काऊन नाई?"

"एकच बनलं बाबा. तवा कोनाले पटलं नाई. आता पाहा, जहाजं, मालगाड्या, सारे डबे बदलूनच चालून राह्यले."

मला ते विमान पाठच्या भावासारखं वाटलं. मीही एकदा सुटी होणारी ट्रॉली बनवली होती. पोळ्यापासून दिवाळीपर्यंत गाव हसलं होतं.

तेव्हा बनवलं विमान. पंखांखाली उंच लोखंडी पाय, मधे ट्रॉलीचा हूक, ट्रॉलीचाच जॅक, पोटाला चार चाकं. फक्त ट्रॉलीवाल्याची खोड नडली. माप घेतलं ते रस्त्याचं, मंगल कार्यालयाच्या दाराचं नाही. पंख दारात अडकले. सगळे म्हणाले, पंख कापा. मी म्हटलं, दार काढा. चौकट उखडली, नंतर माझ्याच हाताने बसवून दिली, होती त्यापेक्षा सरळ.

पोटात लाडू, करंज्या, कुरडया, पितळेची भांडी. वरात आली. मोठेबाबांनी विमानाभोवती फेरी मारली.

"इवाई, हे काय सोंग मांडलं?"

हळदीच्या अंगाने, मुंडावळ्या सावरत लेकीनेच विमानाची हकीकत सांगितली.

"म्हंजे भंगार," मोठेबाबा हसले. "चाललं नाई थे भंगारच."

"तवा लोकं तयार नव्हते," लेक म्हणाली. "त्यात विमानाचा काय गुन्हा?" आणि तिने दांडा ओढला. जॅक फुसफुसला, पोट अलगद खाली येऊन चाकांवर उभं राहिलं. "मोठेबाबा, हा डबा रुखवताचा. हा तुमच्या घरी येते. वरचं विमान माह्यं काम हाय. थे माह्यासंग नोकरीवर जाते."

बँडवाल्याच्या तोंडात सनई तशीच राहिली.

या वेळी मात्र मी बोललो. तिकडे दूर सोनाळ्याची माणसं शपथेवर सांगतात की त्यांना ऐकू आलं. "पोरगी म्हनते थेच! मंजूर नसन तर अक्षता पुन्हा पोत्यात भरतो मी!"

नवरदेव फेटा सावरत पुढे आला. "मोठेबाबा, तिच्या नोकरीले मी पहिल्याच दिवशी हो म्हनलं होतं. तुमाले सांगाची हिंमत नाई झाली."

म्हणजे गप्प बसलेला मी एकटाच नव्हतो तर!

मोठेबाबांनी आधी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. डब्यातून एक करंजी उचलली, सावकाश चावली.

"कोनं केली?"

"माह्या बायकोनं."

"हं." दुसरी उचलली. "अक्षता वाटा. मुहूर्त चालला."

"हो" असं ते आजतागायत म्हणालेले नाहीत. लेक मात्र आठव्या दिवशी कामावर गेली. विचारून नाही, सांगून.