हवेत उजवीकडे वळायचं असतं

हिगाशी-कसाईतल्या आमच्या इमारतीतल्या बायका रविवारी आठवड्याचं इडलीचं पीठ वाटतात, तेव्हा मी नदीकाठच्या गवतावर जुनी लढाऊ विमानं उडवत असते. म्हणजे त्यांच्या छोट्या प्रतिकृती, रिमोटवर उडणाऱ्या. क्लबातले बाकी सगळे सत्तरी ओलांडलेले जपानी पुरुष. मला शिकवणारे आजोबा कावासाकीच्या एका कारखान्यातून निवृत्त झालेले. त्यांना मी सेन्सेई म्हणते, म्हणजे गुरुजी. ते शेजारी असल्याशिवाय मला रिमोटला हात लावायची परवानगी नव्हती, आणि याचा मला भयंकर राग यायचा. ऑफिसात मी अख्खी टीम हाकते, इथे मात्र बालवाडी!

क्लबच्या वसंतातल्या एअर शोच्या दिवशी माझी परीक्षा ठरली. सेन्सेईंचं विमान हवेत असताना माझं वर न्यायचं, घिरट्या घालायच्या आणि सगळे नियम पाळून उतरवायचं. जमलं की मी एकटीने उडवायला मोकळी. लोक चटया अंथरून बसले होते.

विमान उडालं. काय उडालं! वळताना पंख उन्हात चमकला आणि मी चक्क मराठीत ओरडले, "वा रे पठ्ठ्या!" तेवढ्यात सेन्सेईंचं चंदेरी विमान समोरून आलं. समोरासमोर आल्यावर दोघांनी आपापल्या उजवीकडे वळायचं, हा हवेतला नियम त्यांनी माझ्याकडून शंभरदा घोकून घेतला होता. पण माझा हात पुण्यात स्कूटरवर तयार झालेला. समोरून कुणी अंगावर आलं की डावीकडे, बस्स. ते उजवीकडे वळले, मी डावीकडे, म्हणजे दोघंही एकाच बाजूला.

खाड्! त्यांचं विमान गिरक्या खात गवतात कोसळलं. माझ्या उजव्या पंखाचं टोक उडालं, तरी माझं विमान तिरकं तिरकं उडतच होतं.

"सेन्सेई, तुम्ही घ्या रिमोट!"

त्यांनी हात पाठीमागे बांधले. "तुम्हीच उतरवा."

रिमोटची काठी डावीकडे दाबून धरली, वेग सोडला नाही. भीती कुठल्या कुठे पळाली होती. विमान टेकलं, एकदा उसळलं आणि थांबलं. टाळ्यांचा नुसता कडकडाट!

पुण्याच्या चौकात अशा वेळी आधी आवाज चढवायचा असतो. इथे सेन्सेईंनीच कमरेत वाकून माफी मागितली. मग मी वाकले. मग ते पुन्हा. मग आम्ही सगळे रांगेने गवतातून तुकडे वेचत निघालो, कारण एक काडीही मागे ठेवायची नाही. सेन्सेई तुटलेलं शेपूट हातात घेऊन हसत होते.

"इतकी वर्षं सगळे आदराने माझ्यापासून लांबूनच उडायचे. आज खरी झटापट झाली!"

"मी पास का?" मी विचारलं.

"नापास. उतरवलंत मात्र झकास."

मी चिडलेच. "मग पुन्हा परीक्षा कधी?"

"माझं विमान दुरुस्त झालं की." ते थोडं थांबले. "घाई करू नका. तुम्ही पास झालात, तर मी रविवारी कुणाला शिकवू?"

मी त्यांच्या हातातून शेपूट घेतलं आणि म्हटलं, "गोंद कुठला आणू?"