मसाई पठारावरची तिसरी सावली

इथले अनुभव मी बरेच महिने वाचतोय, लिहायला मात्र आज बसलो. मी असल्या गोष्टींतला माणूस नाही. आमच्या घरात कुणाच्या अंगात येत नाही, कुणी उतारा टाकत नाही. अप्पा, म्हणजे माझे वडील, हायस्कूलला भूगोल शिकवायचे. "नकाशात दाखवता येत नाही ते परीक्षेला येत नाही," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मी छपाईच्या धंद्यातला. मंगळवार पेठेत आमचं लहानसं प्रेस आहे... लग्नपत्रिका, हँडबिलं, दिवाळीच्या तोंडावर कॅलेंडरं. फोटोत खरं काय आणि मागाहून घुसडलेलं काय, हे मला बघता क्षणी कळतं. तरीही हे लिहितोय. घाबरलो म्हणून नाही — लाज वाटते म्हणून.

अप्पांना निसर्गाचे फोटो काढायचा नाद होता. तेही साधे नाहीत, स्लाइडचे. रोल धुवायला पुण्याला जायचा आणि एकेक चित्र पुठ्ठ्याच्या चौकटीत बसून परत यायचं. मग वर्गात प्रोजेक्टर लावून भिंतीवर दाखवायचे. रविवारी दुपारी जेवण झालं की स्कूटर काढायची आणि जायचं... कधी जोतिबाचा डोंगर, कधी पन्हाळ्याच्या पुढचं मसाई पठार, कधी गगनबावडा. एकटेच. त्यांच्या फोटोत माणूस कधीच नसायचा. एखादा गुराखी जरी मध्ये आला तरी तो पार निघून जाईपर्यंत थांबायचे. "माणूस दिसला की बघणारा डोंगराकडं बघत नाही," म्हणायचे.

अप्पा अठ्ठ्याण्णव साली गेले. स्लाइडचे डबे कपाटावर तसेच राहिले. दोन हजार चार साली एका व्यापाऱ्याला कॅलेंडरसाठी आपल्या भागातली दृश्यं हवी होती, तेव्हा मला त्या डब्यांची आठवण झाली. फिल्म स्कॅन करता येईल असा स्कॅनर नुकताच घेतला होता. बघतो तर ओल लागून पुठ्ठे फुगलेले, कडेला बुरशी. म्हणून मी चौकटी ब्लेडनं कापल्या, आतली फिल्म सोडवून साफ केली आणि तशीच स्कॅन केली.

इथं एक गोष्ट सांगायला हवी. स्लाइडची पुठ्ठ्याची चौकट चित्राची थोडी कड झाकून टाकते. त्या जुन्या कॅमेऱ्याच्या डोळा लावायच्या खिडकीतूनही ती कड दिसायची नाही. म्हणजे फिल्मवर जे उमटलेलं असतं, ते फोटो काढणाऱ्यालाही पूर्ण ठाऊक नसतं.

स्क्रीनवर जोतिबाचं चित्र उघडलं. संध्याकाळचं पिवळं ऊन, खाली शेतांचे तुकडे. आणि अगदी तळाला, नेहमी झाकलेल्या त्या कडेवर, दोन सावल्या. डोक्यापासून खांद्यापर्यंत. एक अप्पांची, ट्रायपॉडवर वाकलेली. शेजारी दुसरी... बाईची. डोक्यावरून पदर, आणि पदराचं टोक वाऱ्यानं उडालेलं.

मी हसलो. खरंच, आधी हसूच आलं. वाटलं, दर्शनाला आलेली कुणीतरी उभी राहिली असेल बघत. मग पुढची स्लाइड घेतली, गगनबावड्याची. तीच सावली. पन्हाळ्याच्या तटावरून काढलेली... तीच. वेगवेगळी वर्षं, वेगवेगळे ऋतू. जिथं ऊन मागून होतं आणि सावली चित्रात पडली होती, तिथं ती दोघं बरोबर.

दोन दिवस मला जेवण गेलं नाही. एवढ्या वर्षांचे ते एकट्यानं घालवलेले रविवार! आई घरी आमचे कपडे धूत बसायची, आणि हे... आईला काही बोललो नाही. पण डोक्यात एक नाव आलं आणि ते काही केल्या जाईना.

सुनंदाबाई. अप्पांच्याच शाळेत चित्रकला शिकवायच्या. लग्न केलं नव्हतं. अप्पांच्या स्लाइड वर्गात दाखवायला मागून न्यायच्या. शाळेत कुणीतरी कधीतरी थट्टा केलेली माझ्या कानावर होती. आणि अप्पा गेले त्या दिवशी त्या आमच्या दाराबाहेर उभ्या राहून फार वेळ रडल्या होत्या. एवढाच माझा पुरावा. निवृत्त झाल्यावर त्या कबनूरला भावाच्या घरी राहत होत्या.

चित्रांचे प्रिंट काढले, पाकिटात घातले आणि गेलो.

घराला लागूनच भावाचे यंत्रमाग. सोप्यात बसलो तरी खटखट अशी की समोरच्याचं ऐकू येत नव्हतं. बाईंनी मला ओळखलं, केवढा आनंद झाला त्यांना! "महेश ना तू? अगदी सरांसारखा दिसायला लागलास." भावजय चहा ठेवायला आत गेली. मी पाकीट उघडून प्रिंट त्यांच्या हातात दिले आणि हळू आवाजात विचारलं. त्यांना ऐकू गेलं नाही. त्यांनी कानाला हात लावला. मी जरा मोठ्यानं बोललो. तरी नाही. शेवटी चिडून, पुढं वाकून ओरडलो —

"अप्पांच्या बरोबर डोंगरावर तुम्हीच जात होता ना?"

आणि त्याच क्षणाला लाईट गेली. लोडशेडिंग. सगळे माग एकदम बंद.

माझं वाक्य त्या शांततेत लख्ख ऐकू गेलं. भावजय चहाचा ट्रे घेऊन दारात होती, ती तिथंच थांबली. मागावरचे कामगार वळून बघत होते. बाईंचा भाऊ आतून बाहेर आला.

बाई हातातल्या प्रिंटकडं बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "मी आयुष्यात कधी डोक्यावरून पदर घेतला नाही महेश. तुला माहीत आहे ते."

माहीत होतं. चित्रात पदर बघतानाही मला ते माहीत होतं. पण मी म्हणालो, "घरचं कुणी बघू नये म्हणून घेतला असेल."

त्यांनी प्रिंट पाकिटात घातले, पाकीट माझ्यासमोर ठेवलं आणि आत गेल्या. चहा कुणी पुढं केला नाही. भाऊ एवढंच म्हणाला, "या आता पावणं."

परतताना मला काय वाटत होतं सांगू? हलकं वाटत होतं. आईच्या वतीनं हिशेब चुकता केला, असं.

पुढच्याच आठवड्यात शेवटचा डबा काढला. वर अप्पांच्या अक्षरात 'मसाई' लिहिलेलं. पहिली फिल्म स्कॅनरवर ठेवली आणि चित्र उमटायला लागलं. मी हे बघत होतो ती दुपारची वेळ. प्रेसवर बाहेर दोन गिऱ्हाइकं भांडत होती, मशीन चालू होतं.

त्या चित्रात तीन सावल्या होत्या.

एक अप्पांची, वाकलेली. एक पोरगेल्या माणसाची, डोक्यावर क्रिकेटची टोपी, मान वळवल्यामुळं टोपीचं टोक स्पष्ट दिसणारं. तो मी. कॉलेजला होतो तेव्हा. अप्पांचा गुडघा दुखत होता म्हणून त्या रविवारी स्कूटर मी चालवली होती. आणि आम्हा दोघांच्या मध्ये ती. पदर डोक्यावरून. तिचा खांदा आणि माझा खांदा यांत फट नव्हती.

मी तिथं होतो हो! मसाई पठार म्हणजे परातीसारखं सपाट. झाड नाही, आडोसा नाही, कुणी आलं तर लांबून दिसतं. आणि तो दिवस मला चांगला आठवतो, कारण आमच्याजवळचं पाणी संपलं होतं. अप्पा चारही बाजूंनी बघत म्हणाले होते, "एक माणूस न्हाय रं दिसत, पाणी मागायला." त्यानंतर लगेच हा फोटो काढला. माझ्या उजव्या हाताला अप्पा. मध्ये हातभर रिकामी जागा. तिथं कुणी नव्हतं.

फिल्म भिंगाखाली धरली. सावली फिल्ममध्येच होती. रंगीत फोटोंची लॅब चालवणारा माझा मित्र आहे, त्यानं उलटसुलट करून बघितली. एकावर एक दोन फोटो पडलेत का, डाग आहे का, बुरशी आहे का... काही नाही. "शॉट एकच हाय. तिघं उभं हाईत की. त्यात काय?" तो म्हणाला. मी फिल्म पाकिटात घालून निघालो.

संध्याकाळी आईसमोर सगळे प्रिंट मांडले आणि सगळं सांगितलं. कबनूरचंसुद्धा. आईनं चष्मा लावून मसाईचं चित्र बघितलं.

"कोण असंल गं ही?" मी विचारलं.

"मला काय इचारतोस? तू हुतास की तिथं!"

मग चष्मा काढून माझ्याकडं बघितलं. "आन् त्या बाईच्या दारात जाऊन वरडून आलास? शाळंची संस्था तिला काढाय निघाली हुती, तवा तुझं अप्पा एकटं भांडलं तिच्यासाठी. मला घरात सांगून भांडलं, मला ठावं हाय सगळं. म्हणून रडली ती. मला इचारायचं न्हाईस आधी?" प्रिंट गोळा करत म्हणाली, "अप्पा असतं तर तुला घरात घेतलं नसतं."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं कबनूरला गेलो. बाई ओळखू येईनात इतक्या उतरल्या होत्या. भावजयीकडून कळलं, गल्लीत गोष्ट पसरली होती. मागावरचा एक कामगार बोलला, मग बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, बायका कुजबुजल्या. बाई रोज सकाळी बस्तीत दर्शनाला जायच्या, ते बंद केलं होतं. पुतण्याच्या लग्नाची बोलणी चालू होती, पाहुणे आले की बाईंना आतल्या खोलीत बसायला सांगत होते.

मी पाया पडलो. मसाईचा प्रिंट दिला, मी कुठं उभा होतो ते सांगितलं, पाण्याचं सांगितलं. आई शेजारी हात जोडून बसली होती. माझ्यामुळं माझी आई त्या बाईसमोर हात जोडून बसली होती.

बाई खिडकीपाशी जाऊन उजेडात चित्र बघत राहिल्या. चित्रकलेच्या बाई त्या... बोटानं सावलीची कड फिरवून बघितली.

"कुणी नव्हतं म्हणतोस, आणि दिसतंय तर खरं."

"होय बाई."

"मग मी घरात काय सांगू? आधी तू मला सरांची बाई केलीस. आता त्या जागी भूत होतं म्हणून सांगू?" आवाज जराही चढलेला नव्हता. "तूच सांग सगळ्यांना. बोलाव त्यांना."

मी बोलावलं. भाऊ, भावजय, पुतण्या, सगळे सोप्यात आले. मी उभा राहून सांगितलं की चूक माझी, या चित्रात बाई नाहीत, बाई कधीच कुठं गेल्या नव्हत्या. 

भावजयीनं सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "मग कोण हुतं म्हणायचं, पावणं?"

 काय सांगणार? आईकडं बघितलं, आईनं मान खाली घातली. पुतण्या उठून आत निघून गेला. ते खरं मानणार नाहीत हे मला तिथंच कळलं. एक म्हातारी आई आणि तिचा मुलगा झाकपाक करायला आलेत, एवढंच त्यांना दिसलं.

दारापर्यंत बाई आल्या. म्हणाल्या, "कोण होतं ते तुला सापडेपर्यंत, महेश, ती मीच."

बाई जाऊन आता बरीच वर्षं झाली. मी विचारायचं थांबवलेलं नाही. पन्हाळ्याच्या वाटेवरच्या म्हाताऱ्या माणसांना विचारलं, अप्पांच्या जुन्या मित्रांना विचारलं, फिल्म पुण्याला नेऊन दाखवली. आमच्या नात्यात, ओळखीत, अशी कुणी बाई नाही. इथं कुणाला काही सुचत असेल तर जरूर लिहा... उत्तर मिळालं तरी ते ज्यांना द्यायचं होतं त्या बाई आता नाहीत.