मी आले की कपबशा वाजत

मी मुळात कमी बोलते. हा किस्सा तोंडाने सांगायला गेले, तर "आणि मग..." याच्यापुढे सरकणारच नाही. म्हणून लिहून सांगते. तुम्ही मात्र चहा घेऊन बसा, कारण यात चहा फार सांडलाय! आणि मूर्ख कोण ठरलं, हे विचारू नका. कळेलच.

आम्ही वलगावचे. वावरात झेंडू आणि शेवंती लावतो, बाबा रोज अमरावतीच्या बाजारात फुलं नेतात. घरात चैनीची वस्तू एकच: दोन छोटे स्पीकर आणि त्यांचा मोठा काळा डबा, म्हणजे सबवूफर. बाबांनी तो एका ओळखीच्या डीजेवाल्याकडून जुना घेतला होता.

शीतलताईला पाहायला अकोल्याहून पाहुणे यायचे होते. मुलाचं गाड्यांमध्ये साउंड बसवायचं दुकान. ताईने त्याचा फोटो पाहिला आणि तेव्हापासून तिच्या भाकरी दोन्ही बाजूंनी करपायला लागल्या. आता यापेक्षा जास्त काय सांगू?

बाबांना चिंता वेगळीच.

"साक्षी, पोरगा साउंडवाला हाय. आपला डबा काहून घुरघुर करून राहिला? त्याच्यापुढं इज्जत गेली नाई पायजे. तूच पाय बाप्पा, तुले समजते त्यातलं."

मला काय समजतं? पण तो डबा मला आवडतो, हे खरं. त्याचा खालचा सूर कानाला कळतच नाही, तो पोटात येऊन बसतो. चांदूर रेल्वेला मामाकडे दुपारी आडवी झाले की मालगाडी दिसायच्या आधी खाट थरथरते ना, अगदी तसा. कुणीतरी लांबून आपल्याचकडे येत असल्यासारखा.

तर मी कामाला लागले. कोपऱ्यात ठेवल्यामुळे त्याचा बेस उगाच फुगत होता. भिंतीपासून हातभर पुढे ओढून दिवाणाखाली ठेवला, तेव्हा जरा शहाण्यासारखा वाजायला लागला. वायरी घट्ट केल्या. तरी घुरघुर होतीच! मग मोबाइलवर नुसता खालचा सूर देणारं अ‍ॅप लावलं, ब्लूटूथने डब्याला जोडलं आणि घरातल्या एकेका वस्तूला हात लावत फिरले. आणि सापडलं! डबा बिचारा निर्दोष होता. घुरघुरत होती मांडणीवरची स्टीलची ताटं. प्रत्येक ताटाखाली वर्तमानपत्र सारलं, घुरघुर गायब.

मग मी जमिनीवर पडून राहिले. ओसरीत झेंडूचा ढीग होता, त्याच्या पाकळ्या त्या सुरावर हलकेच थरथरत होत्या. वाटलं, फुलंच श्वास घेताहेत. आपणही त्या ढिगातलं एक फूल आहोत आणि...

"साक्षे! पाहुणे फाट्यावर आले अन् तू लोळून राहिली? ताईच्या वेणीले शेवंती कोण आणते?"

आईचा सूर सबवूफरपेक्षा बराच वरचा. मोबाइल खिशात टाकला आणि पळाले.

पाहुणे आले. मुलगा नितीन, त्याचे आईवडील आणि एक आत्याबाई. मी मागच्या अंगणातल्या चुलीपासून चहाचा ट्रे घेऊन निघाले. उंबऱ्यात पाय ठेवला आणि छातीत काहीतरी हललं. कपबशा किणकिणल्या. ताई मान खाली घालून बसली होती, वेणीत माझी शेवंती. माझ्या मनात आलं, ही आता जाणार. काळीज हलतं म्हणतात, ते हेच. डोळे भरून आले, चहा बशीत सांडला.

मागे हौदापाशी गेले, तर थरथर बंद. साहजिक आहे, ताईपासून लांब आले ना!

पोहे घेऊन गेले. पुन्हा काळीज हललं. चमचे नाचले.

आत्याबाई म्हणाल्या, "अवो, भुई हालून राहिली काय?"

"नाई नाई," बाबा घाईने म्हणाले, "रोडवरून ट्रक गेला असन."

पाणी घेऊन तिसऱ्यांदा गेले. पेल्यांत पाण्याची गोल गोल वलयं उठली. मला ती इतकी सुंदर वाटली की मी तिथेच बघत उभी राहिले.

आत्याबाईंनी पिशवी काखेत मारली. "ही पोट्टी आली का भांडे वाजते, गेली का चूप. मी तीनदा पायलं. काहीतरी हाय या घरात. चाल रे नितीन."

ताईचा चेहरा पांढऱ्या शेवंतीसारखा झाला. सगळे माझ्याकडे पाहायला लागले. आता माझ्यासारख्या मुलीने गप्प बसावं की नाही? पण जन्मात एकदा मी धीर केला आणि मोठ्याने बोलले.

"घरात काई नाई. ते माहं काळीज हालून राहिलं. ताई चालली म्हणून."

आत्याबाईंनी पिशवी आणखी घट्ट धरली.

तोपर्यंत एक शब्द न बोललेल्या नितीनने बशी खाली ठेवली. तळहात आधी फरशीवर टेकवला, मग दिवाणावर. डोळे मिटले. म्हणाला, "काळीज नाई. पस्तीस हर्ट्झच्या आसपासचा बेस हाय."

त्याने दिवाणाची चादर उचलली. खाली काळा डबा, त्याचा निळा दिवा सुरू.

"मोबाइल कोणाचा जोडला हाय?"

माझा हात आपोआप खिशात गेला. सूर चालूच होता. मी बंदच केला नव्हता! मोबाइलच्या इवल्याशा स्पीकरमधून तो ऐकू येत नाही. हौदापाशी जोडणी तुटायची, घरात आले की पुन्हा जुळायची.

बटण दाबलं. घर शांत झालं. आणि खरं सांगू? माझं काळीजही ठक्क शांत. त्यात काहीच हालेना!

आत्याबाई पुन्हा टेकल्या. "मंग असं सांगाना बाई. पोहे आना इकडं, थंडे झाले."

नितीन डबा न्याहाळत होता. "बराबर जागेवर ठेवला हाय. कोणं ठेवला?"

"जिचं काळीज हालते, तिनं," बाबा म्हणाले.

तेवढ्यात ताई हसली. लग्न ठरलं ते तिथेच.

लग्नाच्या दिवशी निरोपाची वेळ आली. ताई गाडीत बसली, गाडीभर आमचाच झेंडू. माझ्या छातीत थरथर सुरू झाली. मी आता शहाणी, आधी मोबाइल पाहिला. बंद! म्हणजे या वेळी नक्की माझंच काळीज. मी हंबरडाच फोडला.

भाऊजींनी काच खाली केली. "साक्षी, तुह्यं काळीज नाई हो. माह्या गाडीचा बेस हाय."

सगळे हसले. गाडी वळणावर दिसेनाशी झाली आणि छातीतली थरथर खरंच थांबली. रडणं मात्र थांबेना. ते कुठून जोडलंय, हे मला अजून सापडलेलं नाही.