पाहुण्यांचे बिबडे

जळगावात माझं परवान्यांचं दुकान आहे. दुकान म्हणजे एक टेबल, दोन खुर्च्या आणि गिऱ्हाईक समोर असतानाच रुसणारा प्रिंटर. खाण्याचा माल बाजारात आणू पाहणाऱ्यांचे मी अर्ज भरतो, तपासण्या करून आणतो आणि पाकिटावर काय छापायचं ते सांगतो. या कामातलं मला सगळं कळतं असा माझा समज होता. तो धुळ्याकडच्या एका अक्कांनी मोडून काढला.

अक्का गावातल्या आठ बायकांना घेऊन बिबडे करायच्या. बिबडे म्हणजे आमचे ज्वारीचे पापड. ज्वारी भिजवून भरडायची, लसूण, मिरची, तीळ घालून तिचा घाटा शिजवायचा आणि ओल्या हाताने कापडावर थापून कडक उन्हात वाळवायचा. देशभर दुकानं असलेल्या एका कंपनीने त्यांचा माल घ्यायचं कबूल केलं होतं. परवाना, प्रयोगशाळेचा अहवाल आणि अहवालाबरहुकूम छापलेलं पाकीट, एवढं मात्र उन्हाळा सरायच्या आत हवं होतं. ऊन गेलं की बिबडे बंद, आणि कंपनी दुसरीकडे जाणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

मी पहिल्यांदा गेलो तेव्हा अक्कांनी निखाऱ्यावर भाजलेले बिबडे पुढे केले. तिळाने नुसते भरलेले होते. मी चार खाल्ले, पाचव्यालाही नाही म्हटलं नाही. निघताना सांगितलं, तपासणीला नमुना जरा चांगला पाठवा. हे वाक्य मी त्याआधी शंभर जणांना सांगितलं असेल.

परवाना आला, अहवालही आला. त्यातले आकडे छापून पाकिटांचा गठ्ठा घेऊन मी गावी गेलो. अक्कांनी मला पाकिटावरचा तक्ता मोठ्याने वाचायला लावला आणि स्निग्धांश म्हणजे काय ते विचारलं. मी म्हणालो, तुम्ही तेल घालत नाही, म्हणजे हा आकडा मुख्यतः तिळाचा. त्यांनी हातातलं पाकीट खाटेवर ठेवलं.

"भाऊ, तो कागद आम्हना मालना नही शे," त्या म्हणाल्या. "तो पाहुणासना मालना शे."

मग उलगडा झाला. त्यांच्याकडे पाहुण्यांसाठी वेगळा घाटा लावतात, दुप्पट तिळाचा. मी 'चांगला' म्हणालो आणि त्यांनी तोच पाठवला. माल तपासणाऱ्याला पाहुणा समजणारी माणसं मी दुसरीकडे पाहिलेली नाहीत. मला हसू आलं, पण अक्का हसत नव्हत्या.

मी वकिली सुरू केली. दुकानात उभं राहून तीळ कोण मोजतंय? नव्या तपासणीला पंधरा दिवस जातील. तीळच वाढवावेत म्हटलं, तर ठरलेल्या भावात ते बसत नव्हतं. अक्कांनी सगळं ऐकून घेतलं.

"पाकीटवर जे लिखेल शे, तेच मझार पाहिजे," एवढंच म्हणाल्या. मझार म्हणजे आत.

माझ्यासमोरच त्यांनी कंपनीच्या माणसाला फोन लावला आणि झालेली चूक सरळ सांगितली. 'चांगला' हा शब्द माझा होता, पण त्यांनी माझं नाव घेतलं नाही. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पलीकडचा माणूस थांबायला तयार झाला, पण यंदा निम्माच माल घेईन म्हणाला. अक्कांनी ते बायकांना सांगितलं. एकीने पदराने डोळे पुसले आणि पुन्हा ज्वारी निवडायला बसली.

या वेळी नमुना मी स्वतः उचलला, वाळत घातलेल्या कापडावरून, हाताला येतील ते. अहवालात आकडा खाली आला. आधीची पाकिटं वाया गेली, नवी छापली, त्याची छपाई मी माझ्याकडे घेतली. इतकी वर्षं मी नुसता कागद चांगला दिसेल एवढंच पाहत आलो होतो. माल कागदाला जागला पाहिजे, हे मला या शाळा न शिकलेल्या बाईने शिकवलं.

खोकी टेम्पोत चढली त्या दुपारी मी मुद्दाम गेलो. अक्कांनी नेहमीसारखे बिबडे भाजून दिले. मी एक तोडला, उलटून पाहिला. तीळ कुठे कुठेच होते. माझी नजर त्यांनी ओळखली.

"आते तुम्ही पाहुणा नही, भाऊ," त्या म्हणाल्या. "घरना शेतस."